पोटासाठी बाटले, म्हणता?

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाला दोन आरोप जन्मभर ऐकावे लागतात. एक बाहेरून येतो. पारावर, कचेरीत, कधी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या बैठकीत कुणीतरी सहज बोलून जातं, ‘तुमचे आजे-पणजे दुष्काळात पोटासाठी बाटले. त्यात श्रद्धेचा काय संबंध?’ दुसरा आतून येतो, चंगाई सभेच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करू पाहणाऱ्या सभेच्या मांडवातून, कर्ण्यावरून. ‘तुझ्या घरात आजार आहे, डोक्यावर कर्ज आहे, याचा अर्थ तुझा विश्वास कमी पडला.’ पहिला म्हणतो, मिळालं म्हणून तुम्ही विश्वास ठेवलात. दुसरा म्हणतो, विश्वास ठेवला असतास तर मिळालं असतं. वरवर हे दोघे एकमेकांचे वैरी, पण दोघांचं माप एकच आहे. हाती काय पडलं, एवढंच दोघे विचारतात. मी बीड जिल्ह्यातला आहे, ख्रिस्ती आहे आणि या वादात तटस्थ नाही. ते मापच मला मान्य नाही.

आधी पहिला आरोप. त्यातला खरा भाग नाकारण्याची मला गरज वाटत नाही. १८७६ ते ७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा तीन मोठ्या दुष्काळांनी दख्खन होरपळली. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होतं. जालन्याला स्कॉटिश मिशनचं काम रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी उभं केलं होतं. आपला बीडचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात, या दोन ठाण्यांच्या मधल्या पट्ट्यात, बालाघाटाच्या डोंगररांगांत आणि पर्जन्यछायेत. आष्टीच्या माणसाला नगर जवळ, गेवराईच्या माणसाला जालना जवळ. दुष्काळात मिशनांनी अन्न दिलं, कामं काढली, अनाथ पोरं सांभाळली. नगरचे मिशनरी डॉ. ह्यूम यांना या कामाबद्दल सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. त्या वर्षांत आणि त्यांच्या मागोमाग महारवाड्या-मांगवाड्यांतून बाप्तिस्मे वाढले. भाकर होती, हे खरं आहे.

आक्षेप घेणारा इथे थांबतो, आणि त्याची गफलत इथेच होते. दुष्काळ संपतो. १९०० नंतर पाऊस आला, अन्नछत्रं उठली, अनाथाश्रमातली पोरं मोठी होऊन संसाराला लागली. निव्वळ पोटासाठी आलेला माणूस पोट भरल्यावर उठून जायला हवा होता. काही गेलेही. पण बरेच राहिले, आणि त्यांची चौथी-पाचवी पिढी आजही रविवारी उपासनेला जाते. यावरचं उत्तर ठरलेलं असतं: जाणार कुठे, जात त्यांना परत घेत नव्हती. वरच्या जातींपुरतं ते खरं होतं. १८४३ साली नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. कोर्टाने पोराला आईबापांच्या हवाली केलं, तरी त्याला जातीत घ्यायचं की नाही यावर मुंबईचे ब्राह्मण भांडत राहिले, आणि त्याची बाजू घेणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही रोष सोसावा लागला. पण जो आधीच गावकुसाबाहेर होता, त्याला पुन्हा गावकुसाबाहेर यायला कोण अडवणार होतं? त्याची वाट इतकी बंद नव्हती. १९५० साली तर सरकारनेच ती उघडली. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

त्याआधी भुकेविषयी बोलायला हवं. भूक लागली असताना घेतलेला निर्णय खोटा, ही समजूत आपल्याकडे सगळ्यांना सारखी लावली जात नाही. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात तुकोबांची थोरली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्यानंतर ते विठ्ठलाकडे असे वळले की महाराष्ट्राला त्यांची गाथा मिळाली. दिवाळं निघालं म्हणून वाणी भजनाला लागला, असं आज कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. दुःखाने त्यांचे डोळे उघडले, असं आपण म्हणतो. मग तोच दुष्काळ मांगवाड्यात शिरला आणि तिथल्या एका बापाने आपल्या मेलेल्या लेकराकडे बघून देवाविषयी नवा विचार केला, तर त्याला विचार का म्हणायचं नाही? त्याला भूक होती, एवढंच आपल्याला दिसतं. त्याला डोकंही होतं, शतकानुशतकं ज्या देवळाच्या पायरीवर त्याला चढू दिलं नाही त्या देवळाविषयी त्याचं काही मत असेल, पहिल्यांदा कुणीतरी त्याला पंगतीत बसवलं याचा त्याने काही अर्थ लावला असेल, हे आपल्या ध्यानातही येत नाही. आरोप त्याच्या श्रद्धेवर केला जातो. पण तो करताना त्याला मन होतं हेच नाकारलं जातं.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून आहेत. खडी फोडायला, तलावांच्या कामावर अख्खं गाव जात होतं, सुकडी खात होतं, परदेशातून आलेला तांबडा मिलो रेशनवर घेत होतं. त्या मिलोने कुणाचा देव बदलला नाही. म्हणजे नुसत्या भाकरीने धर्म बदलत नाही, हे बीडने स्वतः अनुभवलं आहे. ज्यांचा बदलला त्यांना भाकरीबरोबर आणखी काहीतरी मिळालं असलं पाहिजे. ते काय होतं, हे आक्षेप घेणाऱ्यांनी कधी विचारलंच नाही.

आणि हा आरोप आम्हाला नवा नाही. तो शुभवर्तमानातच आहे, आणि करणारा खुद्द येशू आहे. योहानाच्या सहाव्या अध्यायात, पाच हजारांना जेवू घातल्यानंतर दुसऱ्या दिवशी लोक त्याला शोधत येतात. तो त्यांना तोंडावर सांगतो, तुम्ही भाकरीने तृप्त झालात म्हणून माझ्यामागे आला आहात. पुढे त्याचं बोलणं अवघड होत जातं आणि पुष्कळ जण त्याला सोडून जातात. थोडे राहतात. आमच्या आजे-पणज्यांची गोष्ट मला या अध्यायात दिसते. फक्त एक गोष्ट विसरू नये. लोक कशासाठी येणार हे ठाऊक असूनही त्याने आधी जेवू घातलं होतं. त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरीची मागणी क्षमेच्या मागणीच्या आधी येते. भुकेची लाज त्याला वाटत नव्हती, ती आम्हाला का वाटावी?

इथे आक्षेप घेणारा थोडा मऊ होतो. तो म्हणतो, बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची गोष्ट वेगळी. ती विचारी माणसं होती. तुमचं तसं नाही. हे मला पहिल्या आरोपापेक्षा जास्त टोचतं, कारण त्यात जात उघडी पडते. सवर्णाने ख्रिस्त स्वीकारला तर तो शोध, आणि मांगाने स्वीकारला तर तो सौदा.

पण ज्यांची नावं घेतली जातात त्यांच्याच आयुष्यांकडे नीट बघावं. रमाबाई दुष्काळातूनच आल्या होत्या. १८७४ च्या सुमारास, दक्षिणेत तीर्थयात्रा करता करता त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण अन्नावाचून खंगत गेली. पुढे भाऊ गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले, तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा तान्ही होती. बाप्तिस्मा त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला घेतला. त्यानंतर त्यांना स्वस्थता मिळाली असं समजणाऱ्याने त्यांची पत्रं वाचावीत. तिथल्या ज्या ख्रिस्ती सिस्टरांनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्या धर्मतत्त्वांवरून भांडल्या. मला जे पटत नाही ते केवळ उपकारापोटी मी मानणार नाही, ही त्यांची भूमिका होती. १८८९ ला विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं तर चार वर्षांत धर्मांतराच्या वादळात पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६ च्या आणि पुढच्या दुष्काळांत त्याच रमाबाई भुकेल्या बायकांना आणि पोरींना शेकड्यांनी केडगावला घेऊन आल्या. भूक काय असते हे त्यांना पुस्तकातून कळलं नव्हतं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, आईच्या आधी. त्यानंतर जेमतेम नऊ महिने रमाबाई जगल्या आणि त्या महिन्यांत त्यांनी आपलं मराठी बायबल पुरं केलं. ज्या भाषांतरासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या, ते साध्या बायकांना कळेल अशा मराठीत असावं हा त्यांचा हट्ट होता. एकुलती एक मुलगी गेल्यावर त्या देवाशी काय बोलल्या असतील हे मला माहीत नाही. काम थांबलं नाही, एवढं दिसतं.

लक्ष्मीबाईंविषयी तर लोक सरळ म्हणतात की त्या नवऱ्यामागे गेल्या. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या माणसाने हे म्हणू नये. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली पाच वर्षं म्हणजे तुटलेला संसार, लहान मुलगा दत्तू, पंढरपुरातले नातलगांकडचे दिवस, लोकांची बोलणी. पुढे नवऱ्याकडे येऊन राहिल्यावरही त्यांनी आपलं सोवळं-ओवळं सोडलं नाही, चूल वेगळी ठेवली. माणसामाणसांत भेद देवाने केला नाही, तो माणसांनी केला, हे त्यांना कळलं ते प्रवचनातून नव्हे, स्वतःशी झगडून. आणि एकदा कळल्यावर त्या कुणाच्याही हातचं खायला तयार झाल्या. ख्रिस्त त्यांना नंतर भेटला, आधी जात गळून पडली. नवरा बोलावत होता, पोटाची अडचण होती, एकटेपणा होता, म्हणजे आक्षेप घेणाऱ्याच्या हिशेबाने पहिल्या वर्षीच धर्म बदलायला सगळी कारणं हजर होती. तरी त्या पाच वर्षं अडून राहिल्या. मग टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट राहिलं होतं, ते या जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईंनी हाती घेतलं आणि अध्यायांमागून अध्याय लिहून पुढे नेलं. टिळकांनीही अखेरच्या वर्षांत मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत, आणि पलीकडे आल्यावर त्यांनी तो पूल कधी तोडला नाही. या माणसांची श्रद्धा एका जागी गोठलेली नव्हती. ती भांडली, अडली, बदलली. टिकली ती बदलल्यामुळे टिकली.

आता १९५० कडे येतो, कारण खरी कसोटी तिथे आहे.

१० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने ठरवलं की हिंदू धर्म न मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी तो परिच्छेद बदलला. ख्रिस्ती बाहेरच राहिले. याचा अर्थ बीडच्या एखाद्या वस्तीत काय होतो ते बघा. तीन चुलत भावांची घरं एका ओळीत आहेत. एक बौद्ध, एक हिंदू मातंग, एक ख्रिस्ती. गाव तिघांनाही एकाच नजरेने बघतं. गावाने बाप्तिस्म्याचा दाखला बघून कुणाची जात रद्द केल्याचं मी ऐकलेलं नाही. पण अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्ती, राखीव जागा, घरकुल, अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण यांत पहिले दोघे आहेत, तिसरा नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढावी असं सुचवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला. पंचाहत्तर वर्षांत ख्रिस्ती पोराने शाळेच्या दाखल्यावर खरं लिहिलं तर त्याला किंमत मोजावी लागते, यात फरक पडलेला नाही.

आता सांगा, पोटासाठी घेतलेला धर्म या कसोटीवर किती दिवस टिकेल? दुष्काळात ख्रिस्ती होण्याने भाकर मिळत होती असं मानलं, तर १९५० पासून ख्रिस्ती राहण्याने भाकर जाते. फायद्याचा हिशेब उलटा झाला. पोटासाठी आलेल्यांना परत जायला यापेक्षा रुंद दार कोण उघडणार होतं? सवलतींसकट, सरकारी शिक्क्यासकट दार उघडं होतं. आणि तरी माणसं राहिली.

आक्षेप घेणारा इथे विजयी मुद्रेने म्हणतो, राहिली खरी, पण चोरून. कागदावर हिंदू, रविवारी ख्रिस्ती. सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२४ चा निकालही तो दाखवतो. पुदुच्चेरीच्या एका महिलेच्या दाव्यात न्यायालयाने म्हटलं की प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि राखीव जागेसाठी हिंदू असल्याचा दावा करायचा, ही संविधानाची फसवणूक आहे. न्यायालय कायद्याची अट लावत होतं, आणि अट आहे तोवर ती लागणार. मी खोट्या दाखल्याचं समर्थन करणार नाही. ज्या घरात पोराला शिकवावं लागतं की शाळेत बापाच्या देवाचं नाव सांगू नकोस, त्या घराचं मोठं नुकसान होतं. मी अशी घरं पाहिली आहेत. गावात ख्रिस्ती दफनभूमी नसते, आणि जन्मभर झाकलेलं नाव मयताच्या दिवशी उघडं करायचं की नाही हा प्रश्न रडणाऱ्या माणसांपुढे उभा राहतो. हे चांगलं नाही. पण यातून श्रद्धा खोटी ठरते, हा निष्कर्ष मला मान्य नाही. माणूस एखादी गोष्ट लपवून ठेवतो तेव्हा ती त्याला नको असते म्हणून लपवत नाही. नको असती तर त्याने टाकून दिली असती. कागद हिंदू आहे, गाव हिंदू मानतं, रविवारी घरी बसलं तर काहीच बिघडत नाही, उलट धास्ती संपते. तरी तो माणूस लेकरं घेऊन उपासनेला जातो. त्याला तिथे कोण काय देतं? निदान धान्य तरी देत नाही. त्याच्याकडून सरकारने एकाच वेळी दोन गोष्टी मागितल्या आहेत, की त्याने आपली जात सोसावी आणि ती सोसतो हे सांगू नये. शीख आणि बौद्ध भावांवरचं हे ओझं काढलं तेव्हा त्यांची श्रद्धा खोटी झाली नाही. आमच्यावरचं काढलं तर आमची होईल, असं मानायला आधार कोणता?

बाहेरच्यांशी इतकं बोललो. आतल्यांशी बोलताना माझा आवाज अधिक चढेल, कारण ती माझी माणसं आहेत.

चंगाई सभेला येणारा माणूस कोण असतो? ज्याच्या आईच्या पोटात गाठ आहे, ज्याचा पोरगा दारूत बुडाला आहे, ज्याच्या अंगावर ऊसतोडीच्या मुकादमाची आगाऊ उचल आहे, असा. तो आशेने येतो, आणि त्या आशेला मी हसणार नाही. येशू आजाऱ्यांना बरं करत होता आणि आम्हीही आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. माझं भांडण प्रार्थनेशी नाही. भांडण सभा उठल्यानंतरच्या वाक्याशी आहे. बरा झाला तर देवाने केला आणि बरा झाला नाही तर तुझा विश्वास कमी पडला. म्हणजे रोग त्याचा, खर्च त्याचा, आणि आता दोषही त्याचाच. पवित्र शास्त्रात ईयोबाच्या तीन मित्रांनी नेमकं हेच केलं होतं. राखेत बसलेल्या माणसाला त्यांनी समजावलं की तुझं काहीतरी चुकलंच असणार. ग्रंथाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, आणि त्यांना म्हणतो की माझ्याविषयी खरं बोलला तो भांडणारा ईयोब, तुम्ही नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, कुणाचंच नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती काही इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती, असंही तो म्हणाला. हे सगळं आमच्याच पुस्तकात आहे. मांडवात नेमकी हीच पानं का उघडली जात नाहीत?

बीड जिल्ह्यात तर हा उपदेश निव्वळ क्रूर ठरतो. दसरा झाला की इथून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधीच उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस आजारपणाने चुकला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळी, बाळंतपण, ताप, काही असो, मोळी उचलावीच लागते. खाडे पडू नयेत म्हणून गर्भाशयच काढून घेतलेल्या बायकांची संख्या इतकी झाली की २०१९ मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या बायकांमधल्या एखादीला मंचावरून सांगायचं की तुझा विश्वास कमी पडला? तिच्या शरीराला जे झालं त्याचा जाब मुकादमाला, कारखान्याला, डॉक्टरला, सरकारला विचारायला हवा. तो विचारायचं सोडून तिच्या प्रार्थनेची लांबी मोजणारा उपदेशक कुणाची सोय करतो, हे त्याने स्वतःला विचारावं. २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद पडलं. तेव्हा पाऊस कुणाच्या विश्वासाचा दर्जा बघून चुकला नव्हता. तो सज्जनावर आणि दुर्जनावर सारखा पडतो, असं डोंगरावरच्या प्रवचनात आहे. सारखाच चुकतोही, हे आम्ही बीडकरांनी त्याला जोडावं.

संकटात श्रद्धा टिकणं म्हणजे काय, हे मला चंगाईच्या मंचावर दिसलं नाही. आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडात मात्र ते दिसतं. डॉ. रजनीकांत आरोळे मूळ नगर जिल्ह्यातले, ख्रिस्ती घरातले. ते आणि डॉ. मेबल आरोळे दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. दोघांनी आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं ठरवलं आणि १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. लगेच १९७२ चा दुष्काळ आला. आल्या आल्या त्यांना दिसलं की लोकांना औषधाआधी पाणी आणि अन्न हवं आहे. त्यांनी आपलं काम त्याप्रमाणे बदललं. पुढे त्यांनी गावोगावच्या बायकांना, त्यातल्या कितीतरी दलित, कितीतरी निरक्षर, आरोग्य सेविका म्हणून शिकवलं. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, क्षय यांची भीती त्या बायकांनी गावांतून हटवली. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजाऱ्याला ‘तुझा विश्वास कमी आहे’ असं सांगून त्यांना हे करता आलं नसतं. त्यांचा विश्वास प्रार्थनेत होता तसा विहिरीच्या जागेच्या निवडीत होता, बाळंतपणासाठी दिलेल्या स्वच्छ पात्यात होता. दवाखाना काढायला आलेल्यांनी दुष्काळात पाण्याच्या मागे लागणं, याला मी ऋतू बदलल्यावर टिकलेली श्रद्धा म्हणतो.

आमच्या मंडळ्यांना ऋतूंची ही जाण कमी आहे, हे दुःखाने सांगतो. चर्चचं पंचांग रोम, लंडन आणि न्यूयॉर्कहून आलं. बीडचं वर्ष वेगळं आहे. आमच्याकडचा नाताळ ऐन तोडणीच्या हंगामात येतो. ऊसतोडीला जाणारी ख्रिस्ती कुटुंबं तो उसाच्या फडावर, कोपीत (झोपडीत) काढतात. पहाटे अंधारात उठून थंडीत ऊस तोडायचा, संध्याकाळी टायरगाडी भरायची, सुट्टी नाही. गावातल्या चर्चमध्ये मात्र रोषणाई असते, बाकांवर म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली पोरं असतात, आणि पाळक उपस्थितीवरून मंडळीची श्रद्धा मोजतात. मग उन्हाळ्याच्या तोंडाला माणसं परततात तेव्हा त्यांना ऐकवलं जातं की तुम्ही सहा महिने उपासनेला आला नाहीत. आला नाहीत की येऊ शकला नाहीत? आणि त्या सहा महिन्यांत मंडळी त्यांच्याकडे गेली का?

कामासाठी पुण्याला, चाकणला गेलेल्या तरुणांचंही असंच होतं. काही जण तिथे दुसऱ्या चर्चमध्ये जातात, काही कुठेच जात नाहीत, काहींचा देवावरचा विश्वासच उडतो. उडालेल्यांना मी गद्दार म्हणणार नाही. ज्याने आईचं मरण पाहिलं आणि त्यानंतर ‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य ऐकलं, तो चर्चपासून दूर गेला तर त्याने खोटं बोलणाऱ्यांना सोडलं, एवढंच मी म्हणेन. ख्रिस्ताला सोडलं की नाही हे त्याचं आणि ख्रिस्ताचं.

हबक्कूक नावाचा एक संदेष्टा होता. अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन, अशा अर्थाचं तो म्हणून गेला. बीडच्या माणसाला ते वर्णन समजावून सांगावं लागत नाही, चारा छावण्या त्याने पाहिल्या आहेत. पण हबक्कूकाच्या पुस्तकाची सुरुवात आनंदाने होत नाही, तक्रारीने होते. मी किती काळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस, असं तो देवालाच विचारतो. आमच्या मंडळ्यांत शेवटचं वाक्य शिकवलं जातं आणि पहिलं गिळायला लावलं जातं. ऊसतोडीहून आलेल्या बाईला पहिलं वाक्य मोठ्याने म्हणू दिलं पाहिजे, भर उपासनेत.

आणि एक ठोस गोष्ट करता येण्यासारखी आहे. कोल्हापूर, सांगली, मिरज या उसाच्याच पट्ट्यात शतकभराची जुनी चर्चं आहेत. मिरजेचं मिशन हॉस्पिटल तर डॉ. वॉनलेस यांच्या काळापासून सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. बीडच्या मंडळ्यांनी दसऱ्याला माणसं निघताना कोण कुठल्या कारखान्यावर जातंय हे लिहून घ्यावं आणि तिकडच्या मंडळ्यांना कळवावं. तिकडच्यांनी नाताळच्या आठवड्यात फडावर जावं, उपासना संध्याकाळी टायरगाडी भरून झाल्यावर ठेवावी, अंधारात ठेवावी लागली तर अंधारात ठेवावी. डॉक्टर असेल तर त्याला बरोबर न्यावं, त्याने बायकांना आधी तपासावं. औषध, घोंगडी, खाऊ न्यावा, आणि तो वाटताना कोण कुठल्या धर्माचा हे विचारू नये, अख्ख्या टोळीला द्यावा. हे बघून कुणीतरी पुन्हा म्हणणारच, आले बघा, भाकर देऊन बाटवायला. म्हणू द्यावं. त्यांच्या बोलण्याला घाबरून फडावर रिकाम्या हाताने गेलो, तर त्यांचंच माप आपण मान्य केलं असं होईल.